दादा, आय-सेव्हन टाकू ना?

तुळशीचं लग्न लागलं की रायगडात माणसांच्या लग्नांना तोंड फुटतं. दिवाळीचा पाडवा आणि तुळशीचं लग्न यांच्यात जेमतेम दहा-बारा दिवस असतात. पेण-रोह्याकडे लग्नाचं शूटिंग घेणारा प्रत्येक जण या दिवसांत एकाच हिशेबात अडकलेला असतो. जुनी मशीन हा सीझन काढेल, की पाडव्याच्या मुहूर्तावर नवी घ्यायची?

बाजारपेठेतल्या स्टुडिओत काउंटर असतं, पासपोर्ट फोटोचा पांढरा पडदा असतो, लॅमिनेशनचं यंत्र असतं. एडिटिंग मात्र घरी होतं. पडवीला दार बसवून केलेली खोली, माळ्याखालची अडगळ, नाहीतर हॉलचा देवघराशेजारचा कोपरा. कितीतरी जण धाटावच्या एमआयडीसीत नाहीतर डोलवीच्या कारखान्यात पाळी करून रात्री दहानंतर मशीन चालू करतात. आता नुसती लग्नंही राहिली नाहीत. हमरापूर, जोहे, कळव्याच्या गणपती कारखान्यांना गिऱ्हाइकाला पाठवायला मूर्तींचे व्हिडिओ लागतात. टेनिस क्रिकेटच्या स्पर्धा थेट यूट्यूबवर जातात. दसऱ्यानंतर रोह्यात धावीर महाराजांची पालखी निघते, पोलिसांची मानवंदना होते, आणि मुंबई-पुण्यातले रोहेकर ती मोबाइलवर बघतात. कोलाडला कुंडलिकेत राफ्टिंग करून आलेल्यांना संध्याकाळपर्यंत रील हवं असतं. आगरी गाण्यांचे अल्बम तर आहेतच.

एवढं काम असलेला माणूस पनवेलच्या एखाद्या दुकानात नाहीतर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर उभा राहतो, तेव्हा संवाद साधारण असा होतो:

‘बजेट किती, दादा?’

‘लाखाच्या आत बसवा शेठ.’

‘मग आय-सेव्हन टाकू ना? सोळा जीबी रॅम, एक टीबी एसएसडी, आठ जीबीचं कार्ड. गेमिंगवाली मशीन आहे, एडिटिंग एकदम मख्खन.’

‘टाका.’

या चार वाक्यांत लाखाचा निकाल लागतो. कॅमेरा कुठला, सॉफ्टवेअर कुठलं, लग्नं किती आणि घरी वीज कशी, हे कोणी विचारत नाही आणि सांगतही नाही. दुकानदाराला दोष देण्यात अर्थ नाही, तो प्रोसेसर विकायला बसलाय आणि गिऱ्हाईकही प्रोसेसरचंच नाव घेऊन आलंय. माझं म्हणणं एवढंच आहे की पेण-रोह्यातली मशीन प्रोसेसर कमी पडला म्हणून क्वचितच हरते. ती हरते डिस्क भरते म्हणून, वीज जाते म्हणून आणि ओल धरते म्हणून. पैसे त्याच क्रमाने लावायला हवेत.

आधी माल किती येतो ते बघू. आगरी-कोळ्यांकडे लग्नापेक्षा हळद मोठी. धवलारीण धवले, म्हणजे लग्नाची पारंपरिक गाणी, गाते तिथपासून कॅमेरा चालू, आणि मग रात्रभर बेंजो, डीजे, एलईडी पारचे लाल-निळे झोत. घरच्यांना काहीही कापलेलं चालत नाही. मामीचा नाच तीन मिनिटांनी कमी केला तर मामी वर्षभर बोलत नाही. हळद आणि लग्न मिळून एका कॅमेऱ्यावर सहा तास सहज भरतात, आणि कॅमेरे किमान दोन. ४के चित्रणाचा सर्वसाधारण दर धरला १०० मेगाबिट प्रतिसेकंद. त्याला आठाने भागलं की सेकंदाला साडेबारा मेगाबाइट, म्हणजे तासाला ४५ जीबी. बारा तासांचे ५४० जीबी झाले. फुल एचडीला ५० मेगाबिटवर घेतलं तर निम्मे. ड्रोन वेगळा.

दुकानदाराने दिलेली ‘एक टीबी’ म्हणजे विंडोज, सॉफ्टवेअर आणि जेमतेम दीड लग्न. सीझनमध्ये लग्नांची रांग लागते आणि पहिल्या लग्नाचा अल्बम पसंत होईपर्यंत त्याचा डेटा पुसता येत नाही. मग जानेवारीत रात्री दोन वाजता कुठल्या लग्नाचं काय उडवायचं, याचा विचार सुरू होतो. डेटा गेल्याच्या बहुतेक कहाण्या याच वेळेच्या असतात. डिस्क बिघडलेली नसते, जागा करायला म्हणून चुकीचा फोल्डर उडवलेला असतो.

म्हणून पहिला खर्च साठवणुकीवर. मशीनमध्ये दोन एसएसडी असाव्यात, एक सिस्टिमसाठी आणि दुसरी चालू कामासाठी. दुसरी निदान दोन टीबीची, एनव्हीएमई प्रकारची. काम झालेलं लग्न तिथून साध्या मोठ्या हार्डडिस्कवर जातं. इथे एक बारकावा आहे. हार्डडिस्कमध्ये सीएमआर आणि एसएमआर अशा दोन जाती आहेत. एसएमआरमध्ये डेटाचे पट्टे कौलांसारखे एकमेकांवर चढवलेले असतात, त्यामुळे त्याच आकारात जास्त जागा मिळते. पण सलग शेकडो जीबी टाकायला गेलं की वेग कोसळतो. खिशात मावणाऱ्या पोर्टेबल डिस्क बहुधा याच जातीच्या असतात. त्या गिऱ्हाइकाला माल द्यायला ठीक, स्वतःचं कोठार म्हणून नाही. साध्या ३.५ इंची सीएमआर डिस्क दोन घ्याव्यात आणि दोन्हींवर तोच डेटा ठेवावा. दुसरी डिस्क त्याच टेबलाखाली ठेवली तर ती बॅकअप नव्हे, एकाच पुरात दोन्ही जातील. पेणमध्ये राहणाऱ्याची बहीण रोह्यात दिली असेल तर दुसरी डिस्क तिच्या कपाटात. रोह्यात कुंडलिका वाढली आणि पेणला भोगावती चढली तरी दोन्ही घरांची कपाटं एका दिवशी बुडण्याची शक्यता कमी.

आणखी एक किरकोळ वाटणारी वस्तू म्हणजे कार्ड रीडर. दीडशे रुपयांचा यूएसबी २.० चा रीडर सेकंदाला ३५ मेगाबाइटच्या आसपास देतो. ५४० जीबी उतरवायला चार तासांच्या वर लागतात. चांगल्या कार्डासोबत यूएसबी ३ चा रीडर ९० च्या घरात गेला तर तेच काम पावणेदोन तासांच्या आत होतं. लाखाच्या मशीनला दीडशेचा रीडर लावून ‘कॉपी लई स्लो होते’ म्हणणारे गावोगाव भेटतील.

आता प्रोसेसर. याआधीच्या पिढीला हा घोळ नव्हता. मिनीडीव्ही कॅसेटच्या काळात तासाभराचं चित्रण साधारण १३ जीबी व्हायचं आणि फायरवायरच्या वायरीतून तासाला तास लावून आत यायचं. कॅसेट फिरतेय तोवर चहा पिऊन या. पण एकदा आत आलं की पेंटियम-४ वरही टाइमलाइन पळायची, कारण प्रत्येक फ्रेम स्वतंत्र आणि पूर्ण असायची. आजच्या एच.२६४ आणि एच.२६५ फाइली तशा नाहीत. पेणच्या कारखान्यात एका साच्यातून मूर्ती निघतात आणि मग सोंड, हात, आखणी यांतला फरक तेवढा प्रत्येकीवर केला जातो, तसंच इथे चालतं. एक फ्रेम पूर्ण साठवतात आणि पुढच्या कित्येक फ्रेमचा फक्त फरक लिहून ठेवतात. फाइल लहान होते, पण टाइमलाइनवर मधेच कुठे बोट ठेवलं की कॉम्प्युटरला मागे जाऊन साच्यापासून पुन्हा सगळं उभं करावं लागतं. दोन कॅमेऱ्यांचं मल्टिकॅम लावलं की हे दोनदा.

हे उलगडण्याचं काम करायला प्रोसेसरच्या पोटातच एक वेगळा भाग असतो. इंटेलने २०११ पासून तो ‘क्विक सिंक’ नावाने दिलाय, आणि तो असतो प्रोसेसरमधल्या अंगच्या ग्राफिक्समध्ये. ज्या इंटेल प्रोसेसरच्या नावापुढे ‘एफ’ असतो, त्यात हे अंगचं ग्राफिक्स बंद असतं. तो थोडा स्वस्त पडतो, आणि ‘वेगळं कार्ड आहेच ना’ म्हणत दुकानदार तोच बसवतो. गेम खेळणाऱ्याला काही फरक पडत नाही. एडिटिंगवाल्याने मात्र दोन-तीन हजार वाचवण्यासाठी नेमका कामाचा भाग घालवलेला असतो. एफ असलेल्या आय-सेव्हनपेक्षा एफ नसलेला आय-फाइव्ह लग्नाच्या टाइमलाइनवर जास्त सुखाने चालताना दिसतो.

यात कॅमेऱ्याच्या मेनूतली एक ओळही भाव खाते. सोनीच्या २०२१ च्या ए७ फोरपासून आपल्याकडच्या लग्नांत दहा-बिट ४:२:२ चित्रण शिरलं. त्याचा फायदा हळदीत दिसतो. पिवळ्या रंगावर लाल पारचा झोत पडला की आठ-बिट चित्रात गालावर पट्टे पडतात, दहा-बिटमध्ये रंग सावरता येतो. पण हेच चित्रण कॅमेरा एच.२६५ मध्ये घेतो की एच.२६४ मध्ये, यावर घरची मशीन पळणार की अडणार हे ठरतं. एच.२६५ चं ४:२:२ इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनचं अंगचं ग्राफिक्स उलगडतं. एच.२६४ चं ४:२:२ ते सहसा उलगडत नाही. एनव्हिडियाच्या कार्डांमध्ये ४:२:२ ची सोय आली ती २०२५ च्या ५० मालिकेपासून. म्हणजे हजारो रुपयांचं जुनं कार्ड बसवूनही त्या एका कामात ते हात वर करतं. नवी मशीन घेण्याआधी ही मेनूतली ओळ बदलून बघावी, बऱ्याचदा नवी मशीन वर्षभर पुढे ढकलता येते.

तेवढ्यानेही भागत नसेल तर प्रॉक्सी. मूळ फाइलींची हलकी नक्कल रात्री बनायला लावायची, तिच्यावर कापाकापी करायची आणि शेवटी मूळ फाइली जोडून एक्सपोर्ट. आपल्याकडे प्रॉक्सीला कमीपणा समजतात, ‘माझी मशीन ४के डायरेक्ट घेते’ हे सांगण्यात मान असतो. २०१९ चा ‘पॅरासाईट’ हा ऑस्कर मिळवलेला सिनेमा फायनल कट प्रो ७ वर कापला गेला, आणि ते सॉफ्टवेअर अॅपलने २०११ मध्येच बंद केलेलं होतं. मामीच्या नाचाला त्याहून भारी यंत्रणा लागते असं कोणाला वाटत असेल तर वाटो.

सॉफ्टवेअर कुठलं, हे मशीन घेण्याआधी ठरायला हवं. लग्नाच्या धंद्यात एडियसचं राज्य जुनं आहे, आणि त्याचा मुख्य भार प्रोसेसरवर असतो. ग्राफिक्स कार्डावर चाळीस हजार घालून एडियस चालवणारा माणूस त्या कार्डाला बहुतांश वेळ नुसता बसवून ठेवतो. डाविंची रिझॉल्व्हचं याच्या उलट आहे. रंग, आवाजाची सफाई, रीलचे इफेक्ट, सगळं तो कार्डावर टाकतो, आणि ४के साठी कार्डाची स्वतःची मेमरी आठ जीबीपेक्षा बारा असलेली बरी. रिझॉल्व्हची फुकट आवृत्ती भरपूर काही देते, पण विंडोजवर दहा-बिट ४:२:२ फाइलींच्या बाबतीत हात आखडते. पैसे भरून मिळणारी स्टुडिओ आवृत्ती एकदाच घ्यायची असते, तिची किंमत २९५ डॉलर. दुकानातून कोणीतरी ‘क्रॅक’ टाकून दिलेलं सॉफ्टवेअर ऐन मे महिन्यात उघडेनासं होतं, तेव्हा हे डॉलर स्वस्त वाटायला लागतात.

जुनं कार्ड घेणाऱ्यांसाठी एक सूचना. २०२१ मध्ये कार्डं मिळेनाशी झाली होती, कारण लोक त्यांवर इथेरियम या आभासी चलनाचं खाणकाम करत होते. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमची पद्धत बदलली आणि वर्ष-दीड वर्ष रात्रंदिवस तापलेली कार्डं पुसून-पासून बाजारात आली. स्वस्तात मिळालेल्या कार्डाचे पंखे खरखरत असतील तर त्याचा पूर्वेतिहास हाच असू शकतो. जुन्या प्रोसेसरचीही चौकशी करावी. इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीच्या वरच्या मॉडेलांमध्ये २०२४ मध्ये अस्थिरतेचा दोष निघाला. कंपनीने मायक्रोकोड दुरुस्त केला, वॉरंटी दोन वर्षं वाढवली. तेव्हा बायोस अपडेट झालंय का, हे विचारण्यात लाजण्यासारखं काही नाही. रॅम ३२ जीबी हवी, सोळाच्या दोन पट्ट्या. २०२५ च्या अखेरीपासून एआयच्या डेटासेंटरांनी मेमरी उचलायला सुरुवात केल्यावर रॅमचे भाव भडकले. घरची जुनी पट्टी नव्या बोर्डात चालत असेल तर ती विकू नये.

आता वीज. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं, तेव्हा जिल्ह्यातल्या अनेक गावांत कित्येक दिवस अंधार होता. तो अपवाद झाला. नेहमीचं दुखणं बारीक असतं. पावसात झाडाची फांदी तारेवर, आठवड्याचा देखभालीचा बंद, संध्याकाळी दाब खाली येणं, आणि गेलेली वीज परत येताना बसणारा झटका. एक्सपोर्ट ९२ टक्क्यांवर असताना वीज गेली की फाइल जाते ती जाते, लिहिणं चालू असलेली हार्डडिस्कही कधीकधी जाते.

सहाशे व्हीएचा साधा यूपीएस म्हणजे साधारण ३६० वॅट. आय-फाइव्ह, मध्यम कार्ड आणि मॉनिटर मिळून एक्सपोर्टच्या वेळी तीनशेच्या वर घेतात. आतली बॅटरी १२ व्होल्ट ७ एएचची, म्हणजे ८४ वॅट-तास. दहा मिनिटंही निघत नाहीत, दोन वर्षं जुनी बॅटरी असेल तर दोन मिनिटं. हा यूपीएस फाइल सेव्ह करून मशीन बंद करण्यापुरता. काम चालू ठेवायचं असेल तर घरचा इन्व्हर्टर, १५० एएचच्या बॅटरीवर तीन-साडेतीन तास देतो. पण त्याच्या मागच्या बटणाकडे बघावं लागतं. कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय विजेशिवाय सुमारे १६ मिलिसेकंद तग धरतो. इन्व्हर्टर ‘यूपीएस’ मोडवर असेल तर तो दहा-पंधरात बदलतो, साध्या मोडवर त्याच्या दुप्पट-तिप्पट वेळ घेतो आणि मशीन रीस्टार्ट होते. घरात इन्व्हर्टर असून ‘कॉम्प्युटर टिकत नाही’ म्हणणाऱ्यांपैकी कितीतरी जणांचं औषध हे बटण आहे. इन्व्हर्टर शुद्ध साइन वेव्हचा हवा, चांगले पॉवर सप्लाय चौकोनी लहरीवर कुरकुरतात. आणि अर्थिंग. जुन्या घरात तीन पिनचं सॉकेट असतं, पण तिसऱ्या भोकामागे वायरच नसते. कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर वायरमनला बोलवा, नवा प्रोसेसर नंतर.

विजेच्या याच हिशेबात मॅक मिनी बसतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये एम४ चा मॅक मिनी भारतात ५९,९०० रुपयांना आला. त्याला भर कामातही शंभर वॅटच्या आतच लागतात, ४:२:२ तो सहज खातो, आणि त्याच इन्व्हर्टरवर दुपार काढतो. त्याचे तोटेही तितकेच ठाम आहेत. रॅम वाढवता येत नाही, आतली जागा २५६ जीबी म्हणजे अर्धं लग्नसुद्धा नाही, बाहेरून एसएसडी जोडावी लागते, आणि एडियस त्यावर चालतच नाही. ज्याचं सगळं काम रील आणि गाण्यांचं आहे, रिझॉल्व्हवर आहे, त्याने विचार करावा. एडियसवर वर्षानुवर्षांचे टेम्प्लेट साठवलेल्याने करू नये.

जून ते सप्टेंबर इथे कपाटातल्या चपलांनाही बुरशी धरते, तिथे लेन्स आणि मशीनचं काय सांगायचं. लग्नं नसल्याने पावसाळ्यात मशीन बंद पडून राहते आणि हेच वाईट. रोज तासभर चालली तर स्वतःच्या उष्णतेने कोरडी राहते. श्रावणात अचानक चालू केली, पंखे फिरतात पण पडदा काळा, तर बहुतेक वेळा रॅमच्या पट्टीच्या पिवळ्या टोकांवर ओल धरलेली असते. पट्टी काढायची, पोरांच्या कंपासपेटीतल्या खोडरबराने ती टोकं हलक्या हाताने घासायची, भुकटी फुंकून टाकायची आणि पट्टी पुन्हा बसवायची. गावातला मेकॅनिक याचे तीनशे रुपये घेतो, आणि ते योग्यच आहेत, कारण कुठे घासायचं ते त्याला कळतं. कॅबिनेटची मागची रिकामी फट बंद ठेवावी. पाल उबेला आत शिरते आणि पॉवर सप्लायमध्ये मरते, सोबत बोर्डही नेते.

गणपती कारखान्याला लागून ज्यांचं घर आहे, त्यांचा शत्रू वेगळा. घासकामाची पांढरी भुकटी हवेत सतत असते. ती कूलरच्या पात्यांमध्ये बसते, दमट हवेत तिचा थर घट्ट होतो, आणि मशीन गणपतीच्या तोंडावर तापून मंदावते. ऑर्डरींचे व्हिडिओ जायचे तेही त्याच दिवसांत. तिथे काचेच्या, आरजीबी दिव्यांच्या कॅबिनेटपेक्षा पुढे काढता येणारी जाळी असलेलं साधं कॅबिनेट घ्यावं आणि जाळी रविवारी धुवावी.

मॉनिटरवर फार बोलत नाही. आयपीएस पॅनेल घ्या, एसआरजीबीची खात्री करा, बस. पण खोलीची भिंत पोपटी किंवा गुलाबी असेल तर नवरीच्या चेहऱ्याचा रंग कधीच बरोबर लागणार नाही, डोळा भिंतीला फसतो. पांढरट राखाडी रंगाचा एक डबा महागड्या मॉनिटरपेक्षा स्वस्त पडतो. शेवटी बघणारा मोबाइलवरच बघणार, तेव्हा एक्सपोर्ट झाल्यावर एकदा मोबाइलवर बघितल्याशिवाय पाठवू नये.

मशीन घरी कशी आणायची, हाही हार्डवेअरचाच भाग. मुंबई-गोवा महामार्गाच्या पनवेल ते इंदापूर टप्प्याचं चौपदरीकरण २०११ मध्ये सुरू झालं आणि पुढची कितीतरी वर्षं वडखळ-नागोठण्याच्या खड्ड्यांनी माणसांच्या मणक्यांची परीक्षा घेतली. जोडून दिलेल्या कॅबिनेटमध्ये किलोभराचं ग्राफिक्स कार्ड एका खाचेवर लटकलेलं असतं आणि उंच कूलर बोर्डाला लोंबत असतो. एसटीच्या डिकीत आडवंतिडवं ठेवलेलं कॅबिनेट घरी पोचतं तेव्हा खाच निखळलेली असू शकते. दुकानात मशीन चालवून बघा, मग कार्ड काढून त्याच्या खोक्यात ठेवायला सांगा, घरी पुन्हा बसवा. जमलं तर रेल्वेने आणा. दिवा-रोहा मेमूला गर्दी असते, पण धक्के कमी.

आणि खोकी माळ्यावर टाका, भंगारात नको. दुकानदार ‘तीन वर्षं वॉरंटी’ म्हणतो ती त्याची नसते, कंपनीची असते. प्रत्येक भागाची वेगळी आणि सिरीयल नंबरवर. बिलावर ‘असेम्बल्ड पीसी, एक नग’ एवढंच लिहिलं असेल तर एसएसडी मेल्यावर सर्व्हिस सेंटरच्या खिडकीवर ते बिल कोणी हातात धरत नाही. प्रत्येक भाग, त्याचा नंबर आणि तारीख बिलावर लिहून घ्यायला दहा मिनिटं जातात. भाग मुंबईला पाठवून परत यायला दोन-तीन आठवडे जातात, आणि तोवर काम थांबू नये म्हणून जुनी मशीन लगेच विकायची नाही. एसएसडी परत पाठवताना आतला डेटाही जातो, वॉरंटी त्याची भरपाई करत नाही. तेव्हा बहिणीच्या कपाटातली डिस्क आणायला रोह्याला एक फेरी होईल.